मोजून पाहणारा राजा

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी यंदा तुम्हीही लिहा, असा आग्रह संपादक मंडळींनी केला तेव्हा मी जरा गडबडलोच. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनियर, माझे रोजचे लिखाण म्हणजे मेजरमेंट बुक! पण नोकरीच्या निमित्ताने तंजावरला आलो आणि इथल्या सरफोजीराजांनी (दुसरे) माझ्यावर गारूड केले. पिढ्यान् पिढ्या इथे राहणाऱ्या मराठी घरांना मी त्यांच्याविषयी नवीन काय सांगणार? तरी एका इंजिनियरच्या नजरेला ते जसे दिसले, तसे मांडतो.

सरफोजीराजांचा जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी ते वारले. गादीवर अमरसिंह बसले आणि दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला कोंडलेले जिणे आले. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याची बाजू घेतली. पुढे मद्रासला त्याच्या शिक्षणाची सोय झाली. १७९८ साली सरफोजी गादीवर आले खरे, पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने सगळा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि ठरलेला पैसा. वय अवघे बावीस.

अशा वेळी एखादा रडत बसला असता, नाहीतर चैनीत बुडाला असता. सरफोजीराजे शिकत बसले. आणि त्यांचे शिकणे केवळ पोथीतले नव्हते. वस्तू समोर ठेवायची, नीट निरखायची, तिचे चित्र काढवून घ्यायचे, नोंद करायची, अशी त्यांची रीत दिसते. शरीररचना शिकायची तर मानवी हाडांना शिवायला धर्माची अडचण. मग हस्तिदंतात कोरलेल्या सांगाड्यावरून ती शिकावी, अशी त्यांनी खटपट केली. पुस्तकातल्या आकृतीवर त्यांचे समाधान होत नव्हते!

सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत. रुग्णाचे वय, तक्रार, केलेले उपचार आणि सोबत त्या डोळ्याचे रंगीत चित्र. आम्ही साइटवर काम करण्याआधी आणि नंतर फोटो काढतो, तसाच हा प्रकार, पण दोनशे वर्षांपूर्वीचा. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे पारखली जात आणि गुण आलेले उपचार लिहून ठेवले जात. काशीयात्रेला गेले तर तिथल्या घाटांची चित्रे घेऊन आले. देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. १८२६ मध्ये बिशप हेबर भेटीला आले, ते राजांच्या विद्वत्तेने थक्क होऊन गेले.

एक गोष्ट मात्र मला खुपते. समुद्रकिनाऱ्यावरचा षट्कोनी, आठ मजली मनोरा त्यांनी बांधला तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. ज्यांनी राज्य घेतले, त्यांच्याच विजयाचा मनोरा! तो पाहताना बांधकामाचे कौतुक वाटते आणि मनात कळही येते. पण त्याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हातात काय राहिले आणि काय गेले, याचे माप त्यांना नक्की ठाऊक असावे. १८३२ मध्ये ते गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे वारले आणि उरलेसुरले राज्यही संपले. ग्रंथालय तेवढे टिकले आणि १९१८ पासून सर्वांसाठी खुले झाले.

आता थोडे माझे. नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या स्टेशनजवळ गँगमनच्या वस्तीसाठी नळकोंडाळे बांधायचे काम माझ्याकडे आले. जुने ड्रॉइंग होते, त्यावरून बिनचूक बांधले. पाइप, उतार, निचरा, सगळे मोजून. दोन दिवसांनी पाहतो तर एक आजी कुडम आडवा धरून मग्याने पाणी भरत होत्या. नळ आणि ओटा यांच्यामध्ये कुडम उभा मावतच नव्हता! मी पाइप मोजला होता, घागर मोजली नव्हती. आजी काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागले. नळ उंच करून घेतला, पण ती चूक अजून विसरलेलो नाही.

पुढे सरस्वती महालातली ती डोळ्यांची चित्रे पाहताना मला त्या आजी आठवल्या. त्या नोंदींत आधी माणूस आहे, मग उपचार. डिग्री नाही म्हणून मला पूर्वी फार कमीपणा वाटायचा. आता वाटते, समोरची वस्तू नीट पाहायला डिग्री लागत नाही. धीर लागतो, एक पट्टी आणि एक पेन्सिल लागते.

म्हणून मंडळाला एक विनंती. उत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा असतेच, तीत बहुतेक मुले पुस्तकातला किंवा मोबाइलवरचा गणपती पाहून काढतात. यंदा आणखी एक गट ठेवू या. समोर तंजावरची डुलणारी बाहुली ठेवायची. ती ढकलली तरी पुन्हा उभी का राहते, ते मुलांनी हाताळून पाहावे, बूड किती रुंद आणि किती जड ते मोजावे आणि मग चित्र काढावे. पट्ट्या आणि तराजू मी आणीन.

विद्येची देवता आपल्या घरी येते, तेव्हा तिच्यापुढे आरतीबरोबर एवढीही सेवा रुजू व्हावी.

गणपती बाप्पा मोरया!