१५ वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला जो डेव्हिस खेळायचा थांबला आणि स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिपच बंद पडली

स्नूकरचा जन्म १८७५ चा, आपल्या जबलपूरचा. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल ठेवले आणि नवा खेळ तयार झाला. पण पुढची पन्नास वर्षं मान बिलियर्ड्सलाच होता. स्नूकर म्हणजे नुसता टाइमपास.

हे चित्र बदललं जो डेव्हिसने.

१९०१ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये त्याचा जन्म झाला. वडील खाणकामगार होते, नंतर त्यांनी पब चालवायला घेतला. तिथल्या टेबलावर जो तयार झाला. पुढे तो बिलियर्ड्सचा चार वेळा जगज्जेता झाला. पण लोकांना स्नूकर आवडू लागलंय, हे त्याने आधीच हेरलं होतं.

बर्मिंगहॅममध्ये बिलियर्ड्स हॉल चालवणाऱ्या बिल कॅमकिनला सोबत घेऊन त्याने स्नूकरची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप घडवून आणली. १९२७ च्या फायनलमध्ये त्याने टॉम डेनिसला हरवलं. बक्षीस होतं फक्त साडेसहा पाउंड!

तिथून १९४६ पर्यंत ही स्पर्धा १५ वेळा झाली आणि प्रत्येक वेळी जोच जिंकला. एक बॉल पॉकेटमध्ये टाकतानाच पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी कुठे थांबवायचा, हे तंत्र त्याने इतकं पक्कं केलं की आजचे खेळाडूही त्याच वाटेने जातात.

१९४६ नंतर मात्र त्याने ही स्पर्धा सोडली. बाकी सामने तो खेळतच राहिला आणि घोळ इथेच झाला. सगळ्यात भारी खेळाडू बाहेर असताना जगज्जेता कुणाला म्हणायचं? स्पर्धेचं वजन घटलं. त्यात १९५२ मध्ये खेळाडू आणि संघटनेचं फाटलं. १९५७ नंतर स्पर्धा बंद पडली, ती थेट १९६४ मध्ये पुन्हा सुरू झाली.

जो मात्र जोरात होता. १९५५ मध्ये त्याने १४७ चा ब्रेक केला. म्हणजे १५ लाल बॉल, प्रत्येकानंतर काळा आणि शेवटी सगळे रंगीत. या विक्रमाला मान्यता मिळायला दोन वर्षं लागली, पण अधिकृत नोंद झालेला तो पहिलाच १४७ ठरला.

१९७८ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये धाकटा भाऊ फ्रेडची सेमीफायनल बघताना जो कोसळला. त्याच जुलैमध्ये तो गेला. पण १९२७ मध्ये त्याने जिंकलेली चांदीची ट्रॉफी आजही जगज्जेत्याला दिली जाते.