‘डेट’ हे नाव कोबोलमध्ये का चालत नाही? ग्रेस हॉपर यांच्या हट्टाची गोष्ट

बँकांच्या जुन्या प्रणालींवर काम करणाऱ्यांना एक नियम लवकरच पाठ होतो. कोबोल भाषेत रकान्याला नुसते ‘डेट’ किंवा ‘काउंट’ असे नाव देता येत नाही. हे शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. ‘लोन-डेट’ मात्र चालते. नाव ३० अक्षरांपर्यंत असावे, मधे आडवी रेघ चालते, सुरुवातीला किंवा शेवटी नाही. कोबोलचे राखीव शब्द तीनशेहून अधिक आहेत. १९८९ च्या प्रमाणित ‘सी’ भाषेत ते अवघे ३२ होते.

एवढा फरक का? त्यासाठी ग्रेस हॉपर यांच्याकडे वळावे लागते.

त्यांचा जन्म १९०६ चा, न्यूयॉर्कचा. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट, शिवाय व्हॅसार कॉलेजात अध्यापन. महायुद्धात नौदलात जाताना वजन कमी भरले, तर त्यांनी खास सवलत मिळवली. १९४४ मध्ये त्या हार्वर्डच्या ‘मार्क वन’ संगणकावर रुजू झाल्या. तेव्हा यंत्राला हुकूम द्यायचे ते आकड्यांच्या संकेतांत.

१९४९ पासून त्या फिलाडेल्फियातील संगणक कंपनीत होत्या. पगारपत्रक आणि मालसाठा सांभाळणाऱ्यांना गणिती चिन्हे नकोशी वाटतात, हे त्यांनी ओळखले. हुकूम साध्या इंग्रजी शब्दांत द्यावेत, असे त्यांनी सुचवले. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर मिळाले. खरे तर यंत्राला शब्दही खुणाच. हे पटवायला त्यांनी तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. झाले उलटेच! अमेरिकी यंत्र परभाषा बोलणार म्हणून अधिकारी बिथरले. शेवटी फक्त इंग्रजीचे आश्वासन देऊन काम पुढे सरकले आणि ‘फ्लो-मॅटिक’ तयार झाली.

१९५९ मध्ये समितीने कोबोल आखली, तेव्हा मुख्य आधार हीच भाषा होती. कोबोल एकट्या हॉपर यांनी लिहिली, हा समज चुकीचा. त्या समितीच्या सल्लागार होत्या. पण ‘अ‍ॅड’, ‘मूव्ह’ अशा शब्दांची वाट त्यांचीच. त्याची किंमतही होती: हुकुमाचा शब्द नावासाठी बाद. नव्या आवृत्तीत राखीव शब्द वाढले की जुन्या प्रोग्रॅममधली नावे अडू लागत.

हॉपर १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ‘वायटूके’च्या धावपळीत भारतातील आयटी अभियंत्यांनी कोबोलचे जुने प्रोग्रॅम उघडले. लिहिणारे केव्हाच नोकरी सोडून गेले होते; हुकूम मात्र वाचता येत होते.