हजारात एखादाच डोळा वाचायचा, तेव्हा या डॉक्टरने पडद्यातलं भोक शोधलं

एक दिवस अचानक डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतं. मग नजरेसमोर काजळीचे कण तरंगायला लागतात. दुसऱ्या दिवशी एका बाजूने काळी सावली चढू लागते. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. त्यामुळे माणूस म्हणतो, होईल दोन दिवसांत बरं.

इथेच घात होतो. कारण हा डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, सरकल्याचा इशारा असू शकतो.

आज वेळेत पोहोचलं तर दहापैकी आठ-नऊ जणांचा पडदा पहिल्याच ऑपरेशनमध्ये जागेवर बसतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र पडदा सरकला म्हणजे तो डोळा गेलाच, असं धरून चालत. १९१२ साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांकडून याची माहिती गोळा केली गेली, तेव्हा बरे होणारे रुग्ण निघाले हजारात जेमतेम एक.

हे गणित ज्यांनी बदललं, ते स्वित्झर्लंडचे डॉक्टर ज्यूल गोनँ.

अंधांच्या संस्थेत घडलेला डॉक्टर

गोनँ यांचा जन्म १८७० साली लोझान शहरातला. वैद्यकीचं शिक्षणही तिथेच झालं. त्याच शहरात १८४३ साली अंधांसाठी एक संस्था सुरू झाली होती. एकाच संस्थेत डोळ्यांचं रुग्णालयही होतं आणि अंधांसाठी शाळाही. तिथले प्रमुख मार्क द्युफूर हे नावाजलेले नेत्रतज्ज्ञ. गोनँ त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्याआधी गोनँ यांनी पॅथॉलॉजीत काम केलं होतं. म्हणजे आजारी अवयवांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. पडदा सुटलेले डोळे असे तपासताना त्यांना एक गोष्ट दिसत गेली. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पदार्थ असतो, त्याला व्हिट्रियस म्हणतात. हा व्हिट्रियस आक्रसतो, जिथे पडद्याला चिकटलेला असतो तिथे ओढ देतो आणि पडदा फाटतो. मग त्या फटीतून द्रव पडद्यामागे शिरतो आणि भिंतीवरचा ओलसर कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो.

फाटलेला पडदा आधीही काही डॉक्टरांनी पाहिला होता. पण बहुतेकांच्या मते ते भोक हा आजाराचा परिणाम होता, कारण नव्हे. गोनँ यांनी १९०४ सालीच आपलं म्हणणं छापून मांडलं, तरी फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

तेव्हाचे उपाय काय होते? रुग्णाला आठवडेच्या आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं झोपवायचं. घाम काढायचा. मीठ बंद करायचं. काहींनी तर सशाच्या डोळ्यातला व्हिट्रियस रुग्णाच्या डोळ्यात टोचून पाहिला. भोक मात्र तसंच उघडं राहायचं.

आधी भोक शोधा, मग ते बंद करा

पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास गोनँ यांनी आपला विचार ऑपरेशनच्या टेबलावर आणला. पहिलं काम भोक शोधण्याचं. ते बहुतेकदा पडद्याच्या अगदी कडेला असतं आणि तेव्हाच्या साधनांनी तिथवर पाहणं फार कठीण होतं. गोनँ चिकाटीने पडद्याचा कोपरा न् कोपरा तपासायचे, त्याचं चित्र काढायचे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर भोकाची नेमकी जागा मोजून काढायचे.

मग त्या जागी छोटा छेद घेऊन पडद्यामागचा द्रव बाहेर काढायचा आणि तापवलेलं टोक क्षणभर आत घालून भोकाच्या कडा डागायच्या. जखम भरताना तयार होणारा व्रण पडद्याला धरून ठेवायचा. या पद्धतीला इग्निपंक्चर म्हणतात.

ऑपरेशन यशस्वी होऊ लागली, तरी विरोध थांबला नाही. अनेकांना भोक सापडायचंच नाही, मग ते म्हणायचे की ते नसतंच. गोनँ एकेक रुग्णाची नोंद ठेवत राहिले. १९२० साली ते लोझानला प्राध्यापक झाले. शेवटी १९२९ साली नेदरलँड्समधल्या आंतरराष्ट्रीय नेत्रतज्ज्ञ परिषदेत पारडं फिरलं. स्पेनचे अरुगा यांच्यासारख्या सर्जननी हीच पद्धत वापरून आपले निकाल दाखवले. मग देशोदेशीचे डॉक्टर शिकायला लोझानला येऊ लागले.

१९३४ साली गोनँ यांचा पडदा सुटण्यावरचा मोठा ग्रंथ आला आणि १९३५ साली वयाच्या ६४व्या वर्षी ते गेले. तोवर हजारात एकचं प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचलं होतं.

पडदा बसला, मग नीट दिसायला नको का?

गोनँ यांच्या अनुभवात आणखी एक गोष्ट स्पष्ट होती. पडदा ताजा सुटलेला असेल तर निकाल चांगला, जुना झाला तर वाईट. असं का, याचं एक मोठं कारण रक्तपुरवठ्यात आहे.

पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. आतल्या थरांना पडद्यातल्याच बारीक रक्तवाहिन्यांतून आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींना मागच्या कोरॉइड नावाच्या थरातून. पडदा सुटला की या पेशी कोरॉइडपासून दूर जातात, त्यांचा प्राणवायू आणि पोषण तुटतं. वाचायला, चेहरा ओळखायला लागणारा मधला भाग म्हणजे मॅक्युला. तो सुटला नसेल तर नजर बहुधा टिकते. तो सुटला असेल तर पडदा छान बसूनही अक्षरं वाकडी किंवा पुसट दिसू शकतात. ही वक्रता तपासायचा चौकटींचा तक्ता गोनँ यांचेच शिष्य आणि उत्तराधिकारी मार्क आम्सलर यांनी रूढ केला. आज कित्येक नेत्रतज्ज्ञांकडे तो आम्सलर ग्रिड असतो.

आता ओसीटी अँजिओग्राफीने सुई न टोचता पडद्यातल्या केशवाहिन्यांचं जाळं पाहता येतं. मॅक्युला सुटून परत बसलेल्या काही डोळ्यांत हे जाळं विरळ झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळण्याची शस्त्रक्रिया केली तर डोळ्यातला रक्तप्रवाह कमी होऊ शकतो, हेही मोजलं गेलं आहे. म्हणून आज डॉक्टर पडदा बसला का एवढंच पाहत नाहीत, रुग्णाला किती आणि कसं दिसतं हेही पाहतात.

लेसर, गॅसचा बुडबुडा, व्हिट्रेक्टॉमी अशी साधनं बदलली. पण भोक शोधा आणि ते बंद करा, हे गोनँ यांचं सूत्र कायम आहे. लोझानचं ते नेत्ररुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

तुमचा चष्म्याचा नंबर मोठा असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. विजा चमकल्या, काळे ठिपके अचानक वाढले किंवा सावली आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मॅक्युला सुटण्याआधी पोहोचलात, तर नजर वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.