बालाचडीचे बापू



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्राम समितीच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि तो अर्धवटच राहिला. वीटभट्ट्यांवर व इमारतींच्या कामांवर बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी रविवारी दुपारी आपल्या सभागृहात वर्ग घ्यावा की नाही? काहींचे म्हणणे असे पडले की, आधी त्यांचे आधार कार्ड पाहावे. उद्या कोणी बांगलादेशी निघाला तर चर्चवर बालंट यायचे. ही भीती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण जून २०२५ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यातील मिरा रोडहून पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच आहेत हे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले, हेही आपण वाचलेले आहे. त्या बैठकीनंतर आम्हांला एका माणसाची वारंवार आठवण होत आहे. तो माणूस ख्रिस्ती नव्हता.

नवानगरचे, म्हणजे आजच्या जामनगरचे, महाराजा जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचा जन्म १८ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. क्रिकेटमुळे जगभर नाव झालेले रणजितसिंहजी हे त्यांचे काका. दिग्विजयसिंहजींचे शिक्षण राजकोटला व इंग्लंडमध्ये झाले, पुढे बरीच वर्षे सैन्यात नोकरी झाली आणि १९३३ साली काकांच्या मागे ते गादीवर आले. क्रिकेट मंडळाचे अध्यक्षपद, नरेंद्रमंडळाचे प्रमुखपद अशी मानाची पदे त्यांच्याकडे आली. तशी पदे त्या काळच्या पुष्कळ राजांना मिळाली, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

१९३९ साली पोलंडचा एक भाग हिटलरने व दुसरा रशियाने गिळला. रशियाने लाखो पोलिश लोकांना घरातून उचलून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेले. तेथे थंडीने, उपासमारीने आईबाप गेले आणि मुले उरली. १९४१ मध्ये करार होऊन सुटकेची वाट मोकळी झाली, पण जायचे कोठे? स्वतःच्या देशावर शत्रूचा ताबा, हातात पासपोर्ट नाही, कित्येकांना आपली जन्मतारीखही ठाऊक नाही. युद्धकाळात अशी पोरे आपल्याकडे घ्यायला कोण तयार होणार? हिंदुस्थानात तर आधीच टंचाई होती आणि इंग्रज सरकार खर्चाचा हात आखडून बसले होते.

अशा वेळी जामसाहेबांनी, माझ्या संस्थानात जागा आहे, असे कळवले. जामनगरजवळ समुद्रकिनारी बालाचडी येथे आपल्या उन्हाळी वाड्याशेजारी त्यांनी मुलांसाठी वसाहत उभारली. इतर संस्थानिकांनी व टाटांसारख्या घराण्यांनी देणग्या दिल्या. मुलांची पहिली तुकडी इराणमधून क्वेट्टामार्गे मुंबईस आली. काही महिने ती आपल्या वांद्र्यात राहिली आणि १९४२ च्या मध्यास बालाचडीला गेली. मुले डोक्याचे केस उतरवलेली, हाडांचा सापळा झालेली अशी होती. जामसाहेबांनी त्यांना सांगितले की तुम्ही आता अनाथ नाही, मला बापू म्हणा. तेव्हापासून ते त्यांचे बापू झाले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. सोमनाथाच्या जीर्णोद्धारासाठी पुढे झटलेला, स्वधर्मावर निष्ठा असलेला हा राजा. त्याने मुलांना आपल्या धर्मात ओढण्याचा विचारही केला नाही. वसाहतीत प्रार्थनामंदिर होते, पोलिश शिक्षक होते, पोलिश पुस्तके होती आणि व्यवस्था पाहायला फादर फ्रान्सिशेक प्लुता हे कॅथलिक धर्मगुरू होते. मुलांची नाटके व नाच पाहायला महाराज स्वतः येऊन बसत. पालकाची भाजी नको म्हणून मुलांनी एकदा जेवणावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांनी स्वयंपाक्यांना पालक बंद करायला सांगितले. (आपल्या घरी असे कोणी करील का, हा प्रश्न निराळा!)

खरी कसोटी युद्ध संपल्यावर आली. पोलंडमध्ये रशियाच्या कलाने चालणारे सरकार बसले, इंग्रजांनी त्याला मान्यता दिली आणि मुलांना परत धाडा असा दबाव सुरू झाला. म्हणजे ज्यांनी घर मोडले त्यांच्याच छायेत जायचे. कागदावर या मुलांचे आता कोणीच नव्हते. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि एक ब्रिटिश लष्करी अधिकारी अशा तिघांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. परत जायचे नव्हते त्यांना जावे लागले नाही. फादर प्लुता पुढे काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कान्ट वाचला होता. परक्याला परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर त्याला दारातून हाकलता येत नाही, असे त्याने १७९५ साली मांडले. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले. कायदा मोडायचा नाही आणि माणूसही मोडू द्यायचा नाही, हे कसे साधते ते आम्हांला त्या पुस्तकापेक्षा जामसाहेबांच्या दत्तकपत्रात अधिक स्पष्ट दिसते. ज्याच्याजवळ कागद नव्हता त्याला त्यांनी कागद मिळवून दिला. भल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो आणि दर वेळी स्वतःला त्या शोमरोन्याच्या जागी ठेवतो. बालाचडीत मात्र वाटेवर पडलेली मुले आपली होती आणि थांबलेला माणूस परका होता.

१९४६ साली बालाचडीची वसाहत बंद झाली व उरलेली मुले आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत आली. तेथे १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, बहुतेक बायका व मुले, पंचगंगेच्या परिसरात राहत होते. काहींच्या कबरी आजही कोल्हापुरात आहेत. १९४८ पर्यंत ते सर्व गेले आणि त्याच बराकींत फाळणीने उघड्यावर आलेले सिंधी लोक राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच.

जामसाहेबांनी आपले संस्थान भारतात विलीन केले, ते सौराष्ट्राचे राजप्रमुख झाले आणि ३ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत वारले. वॉर्सा शहरात एक शाळा व एक चौक त्यांच्या नावाने आहे. बालाचडीची मुले म्हातारी झाली तरी आपापल्या देशांतून जामनगरला येत राहिली.

वर्गाबद्दलची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात होईल. ज्यांनी आधार कार्डाचा मुद्दा काढला होता त्यांनी अवश्य यावे, त्यांचेही म्हणणे ऐकायचे आहे. आणि ज्यांना जन्मदाखला, रेशनकार्ड यांच्या अर्जांची माहिती आहे अशा दोन-तीन जणांनी वही-पेन घेऊन यावे, कारण भट्टीवरच्या चार कुटुंबांना आम्ही त्याच वेळी बोलावले आहे.