मारिया माँटेसरी

'माँटेसरी' हा शब्द आपल्याकडे बालवाडीच्या संदर्भात सर्रास वापरला जातो. परंतु ज्या शिक्षणपद्धतीला हे नाव मिळाले, तिचा उगम सुखवस्तू घरांतील मुलांच्या शाळेत झालेला नाही. समाजाने ज्यांना शिकवण्यास अपात्र ठरवले होते, अशा बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या सहवासात ती जन्माला आली.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील क्यारावाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई वाचनाची आवड असलेली व मुलीच्या शिक्षणाला पाठिंबा देणारी होती. मारियांनी वैद्यकीय शिक्षण घेण्याचे ठरवले, तेव्हा वडिलांना ते रुचले नाही. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने शवविच्छेदन करावे, हे त्या काळी अशोभनीय मानले जाई. त्यामुळे सर्व विद्यार्थी निघून गेल्यावर त्यांना एकटीने हे काम करावे लागे. तरीही १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक होत.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करीत असताना त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे प्रौढ रुग्णांबरोबरच मंदबुद्धी मुलांनाही कोंडून ठेवलेले असे. जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे वेचीत, म्हणून सांभाळणारी बाई त्यांना हावरट समजे, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. मारियांना मात्र निराळेच दिसले. त्या उघड्याबोडक्या खोलीत हाताळण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांची भूक पोटाची नसून हातांची आणि मनाची होती.

या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, अशी त्यांची खात्री झाली. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी पूर्वी अशा मुलांना शिकवण्याचे प्रयोग केले होते. त्यांचे विस्मरणात गेलेले ग्रंथ मारियांनी मिळवले आणि त्यांतील प्रत्येक शब्दावर विचार करता यावा, म्हणून ते स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. १८९८ मध्ये तुरीन येथील शिक्षकांच्या परिषदेत त्यांनी या उपेक्षित मुलांची बाजू मांडली. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या वतीने त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय सुरू झाले. डॉ. मोंतेसानो यांच्यासमवेत मारिया त्याच्या संचालिका झाल्या.

तेथे सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या मुलांना शिकवीत. अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या हातांत बळ होते, पण कितीही सांगितले तरी तिला सुईचा टाका घालता येईना. मारियांनी शिवण बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वर, एकदा खाली नेण्याची हाताला सवय झाली. पुन्हा सुई हाती दिली, तेव्हा ती सहज शिवू लागली. एखादे काम शिकवण्यापूर्वी त्यासाठी लागणाऱ्या हालचाली शिकवाव्यात, हे सूत्र त्यांना येथे गवसले. लेखनासाठी त्यांनी लाकडी अक्षरे करवून घेतली. मुले त्यांवरून आधी बोट आणि मग काडी फिरवीत. अशा रीतीने काही मुले वाचू-लिहू लागली. सर्वसाधारण शाळेतील परीक्षेला मारियांनी त्यांना बसवले आणि ती उत्तीर्ण झाली. लोकांना हा चमत्कार वाटला. मारियांना मात्र वेगळाच प्रश्न पडला : या मुलांना एवढे येते, तर निरोगी मुले शाळेत इतकी मागे का राहतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची संधी त्यांना ६ जानेवारी १९०७ रोजी मिळाली. त्या दिवशी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत 'बालगृह' सुरू झाले. आईवडील कामावर गेल्यावर मोकळी सुटणारी सुमारे पन्नास मुले तेथे येऊ लागली. ही शाळा मुलांच्याच चाळीत होती, शिक्षिकाही तेथेच राहत असे, आणि आयांनी तिला भेटून मुलाच्या प्रगतीविषयी बोलावे, असा नियम होता. अक्षम मुलांसाठी सिद्ध झालेली साधने येथे सर्व मुलांना उपयोगी पडली. हा प्रयोग लवकरच जगभर पोहोचला.

मारियांचे खाजगी जीवन मात्र सुखाचे नव्हते. १८९८ मध्ये त्यांना विवाहाविना पुत्र झाला. लोकापवादाच्या भयाने त्याला खेड्यातील एका कुटुंबात वाढवावे लागले. हा मुलगा मारिओ किशोरवयात आईकडे परतला आणि पुढे तिच्या कार्यात सहभागी झाला. १९३९ मध्ये मायलेक भारतात मद्रासजवळील अड्यार येथे आले. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर मारिओंना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, तर मारियांवर अड्यारचा परिसर न सोडण्याचे बंधन घालण्यात आले. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओंची सुटका झाली. भारतातील वास्तव्यात मारियांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी त्यांच्या विचारांना देशी, अल्पखर्चाच्या साधनांची जोड देऊन ते खेड्यापाड्यांत व आदिवासी पाड्यांवर नेले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मारियांचे निधन झाले.

अक्षम मुलांसाठी वेगळ्या शाळा व वेगळे वर्ग असावेत, असे मारियांचे मत होते. आज त्यापुढचे पाऊल टाकले गेले आहे. अशा मुलांना इतर मुलांसमवेत, एकाच शाळेत शिकता यावे, हे तत्त्व भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केले आहे. परंतु कायदा शाळेचे दार उघडतो. वर्गातील, शेजारातील आणि घरातील माणसांची दृष्टी बदलल्याशिवाय त्या दारातून आत आलेले मूल एकटेच राहते. जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचणाऱ्या मुलांत मारियांनी हावरेपणाऐवजी शिकण्याची भूक पाहिली. त्यांच्या साऱ्या कार्याचा आरंभ त्या पाहण्यात होता.