परावलंबनाची पहिली नोंद ठेवणारे डॉ. आलॉइस अल्झायमर

स्मृतिभ्रंशाच्या ज्या विकाराला त्यांचे नाव मिळाले, त्याची पहिली सविस्तर नोंद करणारे जर्मन मनोविकारतज्ज्ञ डॉ. आलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८८ मध्ये ते फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णांना बांधून न ठेवण्याचे धोरण तेथे अवलंबिले जात होते. रुग्णांशी प्रत्यक्ष संवाद आणि सहकारी फ्रान्झ निसल यांच्यासमवेत मेंदूच्या पेशींचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण, अशा दोन्ही अंगांनी त्यांचा अभ्यास चालू होता.

१९०१ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. त्या वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि तीन लहान मुले मागे राहिली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची गृहिणी रुग्णालयात दाखल झाली. तिचा स्वयंपाक बिघडू लागला होता, घरातल्या वस्तू ती लपवून ठेवी. अल्झायमर यांनी तिला पेन, किल्ली अशा वस्तू दाखवल्या, स्वतःचे नाव लिहिण्यास सांगितले आणि तिची उत्तरे बारकाईने टिपून ठेवली. पुढे ती अंथरुणाला खिळली, मलमूत्रावरील तिचे नियंत्रण सुटले. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाला.

तोपर्यंत अल्झायमर म्युनिकमध्ये एमिल क्रेपलिन यांच्याकडे काम करीत होते. तेथे मागवून घेतलेल्या तिच्या मेंदूत त्यांना पेशींबाहेरील साठे आणि पेशींतील गुंतलेले तंतू आढळले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. मात्र त्यावर चर्चा झाली नाही. १९१० मध्ये क्रेपलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापक झालेले अल्झायमर १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी निवर्तले.

रुग्ण किती परावलंबी झाला आहे, हे मोजण्याची पद्धत त्यांच्या काळी नव्हती. १९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांनी स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि जेवणे या सहा क्रियांवर आधारित श्रेणी प्रसिद्ध केली. १९६८ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी वृद्ध रुग्णांच्या निकटवर्तीयांकडून त्यांच्या दैनंदिन व्यवहारांची माहिती घेऊन गुण दिले आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील साठे मोजले. साठे जितके अधिक, तितके परावलंबनही अधिक, असा संबंध त्यांना सर्वसाधारणपणे आढळला. भारतात हरियाणातील बल्लभगड परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी ग्रामीण दिनक्रमाला अनुरूप अशी प्रश्नावली १९९० च्या दशकात तयार झाली.

आउगुस्टेची हरवलेली नोंदवही १९९५ मध्ये फ्रांकफुर्टमध्ये सापडली. तिच्यात गुणांकन नाही. परंतु एक सुगृहिणी टप्प्याटप्प्याने इतरांच्या आधारावर कशी विसंबून राहू लागली, याची साक्ष तिच्या पानापानांतून मिळते. रुग्णाला कोणत्या कामात किती मदत लागते, हा प्रश्न वैद्यांनी आजही सर्वप्रथम विचारायला हवा तो शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयांनाच.