विश्लेषण : कॉलेजात न गेलेल्या संपादकाने पत्रकारितेचे कॉलेज कसे उभारले?

बारावीनंतर पत्रकारितेला प्रवेश घ्यायचा म्हटले की घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो. बातमी लिहायला वर्गात कशाला बसायचे, ती तर कामावर शिकता येते ना? शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या सरकारी विद्यापीठात याच प्रश्नावर वाद झाला होता. त्याचे उत्तर शोधणारे वॉल्टर विल्यम्स हे स्वतः छापखान्यात शिकलेले होते.

वॉल्टर विल्यम्स कोण होते?

विल्यम्स यांचा जन्म २ जुलै १८६४ रोजी मिसूरी नदीकाठच्या बूनव्हिल या गावी झाला. किशोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपले आणि शाळेपुढचे शिक्षण राहून गेले. गावातल्या साप्ताहिकाच्या छापखान्यात ते उमेदवार म्हणून लागले. शाई, खिळे जुळवणे, झाडलोट अशी पडेल ती कामे त्यांनी नाममात्र मजुरीवर केली. तिथूनच ते बातमीदारी आणि मग संपादनाकडे वळले. १८८९ मध्ये कोलंबिया या विद्यापीठाच्या गावी त्यांनी ‘मिसूरी हेरल्ड’ या साप्ताहिकाची सूत्रे घेतली. (हे कोलंबिया म्हणजे मिसूरीतील गाव, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही.) तिशी ओलांडता ओलांडता ते देशभरातील संपादकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले होते.

स्वतंत्र महाविद्यालय कशासाठी?

त्या काळी डॉक्टर आणि वकील यांच्यासाठी स्वतंत्र महाविद्यालये होती. पत्रकार मात्र सुतार-लोहारासारखा कुणाच्या तरी हाताखाली घडत असे. गुरू चांगला भेटला तर नशीब, नाही तर आयुष्यभर चुकीच्या सवयी. विल्यम्स यांनी ही पद्धत आतून पाहिली होती. समाजाचे बरेवाईट ज्या व्यवसायावर अवलंबून आहे, त्याचे शिक्षण केवळ नशिबावर सोडू नये, असे त्यांना वाटे. राज्यातील वृत्तपत्रांच्या संघटनेनेही ही मागणी लावून धरली होती. पुढे विल्यम्स विद्यापीठाच्या नियामक मंडळावर गेले आणि मागणीला विद्यापीठाच्या आतूनच बळ मिळाले.

अनेक मुरलेल्या संपादकांना ही कल्पना हास्यास्पद वाटत होती. पत्रकार वृत्तपत्राच्या कचेरीतच घडतो, प्राध्यापक त्याला काय शिकवणार, असा त्यांचा सवाल होता.

पहिल्याच दिवशी वृत्तपत्र कसे निघाले?

विल्यम्स यांनी या आक्षेपातले तथ्य मान्य केले आणि वृत्तपत्राची कचेरीच विद्यापीठात आणली. १४ सप्टेंबर १९०८ रोजी मिसूरी विद्यापीठात पत्रकारितेचे वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. विल्यम्स या महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले.

हे वृत्तपत्र महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तांत छापणारे हस्तलिखित नव्हते. विद्यार्थी गावातील नगरपालिका, न्यायालये आणि बाजारपेठ यांच्या बातम्या आणत, प्राध्यापक संपादकाच्या खुर्चीत बसत आणि अंक गावातल्या वाचकांच्या हाती पडे. नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी तो माणूस रस्त्यात गाठून जाब विचारणार, ही जाणीव कोणत्याही परीक्षेपेक्षा जास्त शिकवणारी होती. करून शिकण्याची ही रीत पुढे ‘मिसूरी पद्धत’ म्हणून ओळखली गेली. सोबतीला इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय होतेच. लिहिता येते, पण कशाविषयी लिहायचे ते कळत नाही, अशी स्थिती होऊ नये हा त्यामागचा विचार होता.

वाद इथेही टळला नाही. करदात्यांच्या पैशावर चालणारे वृत्तपत्र आमच्या जाहिराती पळवते, अशी खासगी वृत्तपत्रांची तक्रार होती. राज्याच्या विधिमंडळाने सरकारी निधी वृत्तपत्रावर खर्च करण्यास मनाई केली, तेव्हा त्यासाठी वेगळी संस्था काढून जाहिरात आणि विक्रीच्या उत्पन्नावर अंक चालवण्यात आला. विद्यार्थ्यांना वृत्तपत्राचे अर्थकारणही त्यामुळे जवळून दिसले.

हे जगातील पहिलेच महाविद्यालय होते का?

मिसूरीचा दावा तसा आहे. मात्र पॅरिसमध्ये १८९९ मध्येच पत्रकारितेची शाळा सुरू झाली होती. जोसेफ पुलित्झर यांनीही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला त्यासाठी मोठी देणगी देऊ केली होती. पण ते महाविद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये उघडले. सरकारी विद्यापीठात स्वतंत्र महाविद्यालय, स्वतंत्र पदवी आणि रोजचे वृत्तपत्र ही सांगड मिसूरीने घातली, हे त्याचे वेगळेपण.

विल्यम्स यांचा प्रभाव कुठवर पोहोचला?

१९१४ च्या सुमारास त्यांनी पत्रकारांसाठी एक संहिता लिहिली. वृत्तपत्र ही जनतेने सोपवलेली ठेव आहे. अचूकपणा आणि न्याय्य वागणूक हा पत्रकारितेचा पाया आहे. बातमी, अग्रलेख आणि जाहिरात या तिन्हींनी वाचकाचेच हित पाहावे, असा तिचा आशय. पुढे तिची अनेक भाषांत भाषांतरे झाली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जागतिक पत्रकार परिषद स्थापन झाली, तिचे ते अध्यक्ष झाले. चीन आणि जपानच्या त्यांनी फेऱ्या केल्या. त्यांचा विद्यार्थी जे. बी. पॉवेल शांघायमध्ये संपादक झाला. ‘रेड स्टार ओव्हर चायना’ लिहिणारे एडगर स्नो १९२८ मध्ये चीनला पोहोचले, तेव्हा त्यांच्या खिशात पॉवेल यांच्या नावाने विल्यम्स यांनी दिलेले ओळखपत्र होते.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम्स संपूर्ण विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्याकडील कुलगुरूंसारखे प्रमुख झाले. कॉलेजात एकही वर्ष न शिकलेला माणूस महामंदीच्या काळात विद्यापीठ चालवत होता. २९ जुलै १९३५ रोजी कोलंबियातच त्यांचे निधन झाले.

मग या कहाणीतील उणी बाजू कोणती?

विद्यापीठ सार्वजनिक होते, पण त्याचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. महाविद्यालयात सुरुवातीपासून मुली होत्या. मेरी पॅक्स्टन हिने १९१० मध्ये तेथून पदवी घेतली. कृष्णवर्णीयांना मात्र प्रवेश नव्हता. जनतेच्या ठेवीविषयी संहिता लिहिली गेली, ती जनतेतल्याच एका मोठ्या भागाला वगळणाऱ्या इमारतीत. विल्यम्स यांच्या हयातीत ही भिंत हलली नाही.

तिला धक्का दिला तो एका पत्रकारानेच. लुसिल ब्लुफोर्ड या कॅन्सस सिटीतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात काम करत. १९३९ मध्ये पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी टपालाने केलेला अर्ज मंजूर झाला. प्रत्यक्ष नोंदणीला गेल्यावर त्यांचा वर्ण पाहून प्रवेश नाकारण्यात आला. त्या पुन्हा पुन्हा गेल्या, न्यायालयातही लढल्या. पुढे विद्यापीठाने विद्यार्थी कमी असल्याचे कारण देत तो पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विद्यापीठात प्रवेश मिळायला १९५० उजाडले. ब्लुफोर्ड यांना त्याच विद्यापीठाने १९८९ मध्ये मानद डॉक्टरेट दिली.

आजच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आणि पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही पुढे हे शिक्षण रुजले. प्रवेश घेताना विल्यम्स यांचा निकष आजही उपयोगी पडतो. विद्यार्थ्याने लिहिलेली बातमी खऱ्या वाचकापर्यंत जाते का आणि चुकल्यास त्याला जाब द्यावा लागतो का, हे आधी विचारावे. ब्लुफोर्ड यांच्यामुळे त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडते : त्या वर्गातील बाकांवर कोण बसले आहे आणि कोण बसलेले नाही? गावातल्या कोणत्या वस्तीची बातमी अंकात येणार आणि कोणत्या वस्तीची राहून जाणार, हे बऱ्याचदा तिथेच ठरते.